तुला काय व्हायचंय हे विचारायच्या आधी हातात काम देऊन बघा

सातवी-आठवीच्या आसपास प्रत्येक मुलाला कुणीतरी विचारतंच, मोठेपणी काय करणार. ज्या मुलांना शिकताना वेगळी मदत लागते, म्हणजे कुणाला बौद्धिक अक्षमता आहे, कुणाला ऑटिझम, कुणाला अक्षरं जुळत नाहीत, कुणाला ऐकू येत नाही, त्यांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न एकतर कुणी विचारतच नाही, नाहीतर विचारतात मुलाला आणि उत्तर देते आई. मी विशेष शिक्षिका आहे, मुलांना कामाची ओळख करून द्यायचं काम बरीच वर्षं करतेय, आणि सुरुवातीला मी पण हेच करायचे, डोळे मुलाकडे आणि कान आईकडे.

तर हे 'प्रत्यक्ष काम करून करिअरची ओळख' प्रकरण नक्की काय असतं, त्यात आत काय चालतं, बघायचं काय आणि आपण फसतो कुठे, हे जरा सोपं करून सांगते. नाव जड आहे पण गोष्ट साधी आहे. कामांबद्दल भाषण द्यायचं नाही, कामं करायला द्यायची, थोडी थोडी, वेगवेगळ्या प्रकारची, आणि मूल ती करत असताना आपण नीट बघायचं.

आधी हे बघू की नुसतं विचारून का भागत नाही. आवड ही काही आतून उगवत नाही, आधी काहीतरी करून बघावं लागतं मग कळतं की हे आवडतंय का नाही. बाकीची मुलं असं करून बघणं येता-जाता उरकतात, ओळखीच्या कुणाच्या गॅरेजमध्ये घुटमळतात, सुट्टीत कुणाला दुकानात मदत करतात, घरातलं काहीतरी उघडून बिघडवतात. आपल्या मुलांना मात्र आपण जपतो, धार लागेल, भाजेल, हरवेल, कुणी ओरडेल, आणि या जपण्यात पंधराव्या वर्षापर्यंत त्यांच्या हातात फार काही आलेलंच नसतं. अशा मुलाला 'तुला काय आवडतं' विचारणं म्हणजे कधी न चाखलेल्या पदार्थांची यादी वाचून दाखवण्यासारखं आहे.

दुसरी अडचण उत्तराचीच. बौद्धिक अक्षमता असलेल्या बऱ्याच मुलांना समोरच्याला हो म्हणायची सवय असते, कारण हो म्हटलं की मोठी माणसं खूश होतात आणि प्रश्न संपतात. एकदा घरी करून बघा. 'तुला झाडांचं काम आवडेल ना?' हो. मग पाच मिनिटांनी 'झाडांचं काम नको ना तुला?' हो. खोटं बोलत नाहीये तो, प्रश्नाचा सूर ऐकून उत्तर देतोय. दोन पर्याय दिले की शेवटी ऐकलेला पर्याय उचलायचा, हेही खूप दिसतं, म्हणून तोच प्रश्न क्रम उलटा करून परत विचारायचा, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तर थोडा विश्वास ठेवायचा.

आणि कागदावरच्या आवड-चाचण्या? त्या बहुतेक वाचता येणाऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. चित्रांच्या पण असतात, पण त्यात एक गंमत होते. माझ्याकडे एक मुलगी होती, चित्रांमधून तिने प्रत्येक वेळी बागकाम निवडलं, आम्ही सगळे खूश, रिपोर्टमध्ये लिहूनसुद्धा टाकलं. प्रत्यक्ष बागेत नेलं तर ओली माती हाताला लागल्याबरोबर ती जी मागे सरकली ती सरकलीच, हातमोजे दिले तरी नको. चित्रातली फुलं आवडत होती तिला, काम नव्हतं. पण त्याच दिवशी तिने कोपऱ्यातल्या रिकाम्या कुंड्या आकाराप्रमाणे लावायला घेतल्या, लहानात लहान, मग त्याहून मोठी, चाळीसेक मिनिटं एकटीने, कुणी सांगितलं नव्हतं. हे कुठल्या कागदावर आलं असतं सांगा. त्या कुंड्यांवरून आम्ही स्टोअररूमचं काम, शेल्फ लावणं, वस्तू जागच्या जागी ठेवणं याकडे वळलो. कागदावरून करिअर ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे मला त्या दिवशी पटलं.

थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पूर्वी मुलांना आजाराच्या नावाने वेगळं काढायचे, हा अमुक गटातला, ही तमुक गटातली. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीचा अहवाल आला आणि 'विशेष शैक्षणिक गरज' हा विचार रुजला, की लेबल काय आहे त्यापेक्षा मुलाला शिकायला मदत कुठली लागते ते बघा. त्यांचा अंदाज होता की शाळेच्या वर्षांत कधी ना कधी पाचातल्या एका मुलाला अशी मदत लागू शकते, म्हणजे हे काही मूठभर मुलांचं प्रकरण नाही. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात, सगळ्या मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घ्या असं सांगणारा जाहीरनामा निघाला, त्यानंतर हा शब्द जगभर पसरला. कामाच्या बाबतीत आपण अजून त्या जुन्या पद्धतीतच अडकलोय असं मला वाटतं, डाऊन सिंड्रोम आहे ना मग पाकिटं भरणं, ऐकू येत नाही ना मग शिवणकाम, ऑटिझम आहे ना मग कॉम्प्युटर. लेबल बघून काम.

टप्पे कसे असतात

ठिकाणाप्रमाणे नावं बदलतात पण चढण साधारण सारखीच असते. आधी घरात आणि वर्गात निरीक्षण, मूल रिकाम्या वेळात स्वतःहून काय करतं, कशाला हात लावतं, कशापासून लांब पळतं. मग शाळेतल्या शाळेत छोटी कामं, झाडांना पाणी घालणं, कागद स्टेपल करणं, लायब्ररीची पुस्तकं लावणं. मग वर्कशॉप, म्हणजे लाकूड, धातू, स्वयंपाकघर, ऑफिस, रंगकाम अशा वेगवेगळ्या ठिकाणी थोडे थोडे दिवस. मग बाहेर खऱ्या जागी जाऊन नुसतं बघणं, कुणाच्या तरी मागे सावलीसारखं एक दिवस राहणं, मग आठवड्यातून एक दिवस काम, आणि शेवटी काही आठवडे सलग.

जर्मनीत हे बऱ्यापैकी शिस्तीत चालतं. तिथे २००८ पासून केंद्र सरकारचा एक कार्यक्रम आहे, त्यात साधारण सातवीत मुलांच्या क्षमतांची तपासणी होते, प्रश्नपत्रिका कमी आणि हाताने, गटात करायची कामं जास्त, आणि आठवीत दोनेक आठवडे खऱ्या हत्यारांच्या वर्कशॉपमध्ये, एकापेक्षा जास्त क्षेत्रांत. म्हणजे निवड करायच्या बरीच आधी मुलाच्या हाताला वेगवेगळी कामं लागून गेलेली असतात. आणि हे फक्त वेगळी मदत लागणाऱ्या मुलांसाठी नाही, मला त्यातलं हेच आवडतं, करून बघण्याची गरज फक्त आपल्याच मुलांना आहे असं थोडीच आहे.

किती कामं दाखवायची? माझं मत, कमीत कमी तीन, आणि ती एकमेकांपासून लांबची हवीत. पाकिटं भरणं, डबे भरणं आणि पिशव्या भरणं ही तीन कामं नाहीत, एकच काम आहे, वस्तू तेवढी बदललीय. एक काम बसून, एक हिंडत-फिरत, एक लोकांशी संबंध येणारं, एक एकट्याने, एक जिथे दरवेळी तेच आणि एक जिथे रोज थोडं वेगळं, असा विचार केला की तीन आपोआप वेगळी निघतात.

ट्रायलच्या आत काय चालतं

ट्रायल म्हणजे मुलाने एखादं काम थोडा वेळ करून बघणं, आणि खरी गंमत इथे आहे. बऱ्याच ठिकाणी ट्रायल म्हणजे मुलाला टेबलाशी बसवतात, एकदा करून दाखवतात, 'कर' म्हणतात, आणि जमलं नाही की फॉर्मवर फुली. झाली ट्रायल. यात तपासलं काय गेलं? मूल एकदा बघून शिकतं का, एवढंच. काम जमेल का, हे तपासलंच गेलं नाही.

अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचे संशोधक होते. १९७२ मध्ये त्यांचा एक अभ्यास छापून आला. ज्यांना मध्यम किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता आहे, जे वेगळ्या संरक्षित कार्यशाळांमध्ये साधीसुधी कामं करत बसायचे, अशा तरुणांना त्यांनी सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला. चाकाच्या आतला ब्रेक, १५ भागांचा. तुम्ही-आम्ही पहिल्यांदा बसलो तर आपणही गडबडू असं ते काम. त्यांनी एका गटासाठी एवढंच केलं की प्रत्येक भागाची जी बाजू जोडताना समोर यायला हवी ती लाल रंगवली. तो गट जास्त पटकन शिकला. आणि रंग न दिलेल्या गटातली मुलंही शिकली, त्यांना जास्त वेळा सराव लागला. नंतर २४ भागांचा ब्रेकही त्यांनी जोडला. शिकवताना बोलणं अगदी कमी, हाताने दाखवणं जास्त. गोल्ड यांचं सगळं म्हणणं या धाटणीचं होतं की शिकत नाहीये तर शिकवणाऱ्याने दुसरी पद्धत शोधावी.

मला विचाराल तर या अख्ख्या विषयाची गुरुकिल्ली त्या लाल रंगात आहे. ट्रायलमध्ये मूल अडकलं की पहिला प्रश्न 'याला जमत नाही का' हा नसतो, 'काम असं मांडलंय का की याला जमेल' हा असतो.

उदाहरण घ्या. एका पिशवीत १० स्क्रू भरायचेत. मुलाला दहापर्यंत मोजता येत नाही, किंवा येतं पण मधेच सुटतं. आता याला आधी मोजायला शिकवायचं, त्यात दोन वर्षं घालवायची, आणि मग पिशवी? त्यापेक्षा एक फळी घ्या, तिला १० खळगे पाडा, प्रत्येक खळग्यात एक स्क्रू, सगळे भरले की फळी पिशवीत उलटी करा. कारखान्यात याला जिग म्हणतात, आणि तिथे ते सगळ्यांसाठीच वापरतात, वेगासाठी आणि चुका कमी व्हाव्यात म्हणून, त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. अशा फळीवर मोजता न येणारा मुलगा बरोबर १० भरतो आणि कंटाळलेला पदवीधर अंदाजाने ९ भरतो.

याच्या आधीची पायरी म्हणजे कामाचे तुकडे पाडणं. 'फरशी पूस' हे आपल्याला एक काम वाटतं, प्रत्यक्षात त्यात पंधरा-वीस पायऱ्या निघतात, बादली कुठून घ्यायची, पाणी कुठपर्यंत, फडकं कधी पिळायचं, कुठून सुरू करायचं की शेवटी आपण कोपऱ्यात अडकणार नाही, झालं हे कसं ओळखायचं. ती शेवटची पायरी लोक हमखास विसरतात. 'स्वच्छ झालं की थांब' हे कित्येक मुलांना कळतच नाही, कारण स्वच्छ म्हणजे नक्की काय? त्यापेक्षा फरशीचे चौकोन ठरवून द्या, प्रत्येक चौकोन दोनदा, शेवटचा चौकोन झाला की बादली जागेवर. पायऱ्या लिहून काढताना स्वतः ते काम करा, खुर्चीत बसून लिहिलेल्या यादीत तीन-चार पायऱ्या गळतातच, मी दरवेळी गाळते.

तुकडे झाले की शिकवायचं कुठून हा प्रश्न येतो. पहिल्या पायरीपासून शिकवता येतं, पण काही मुलांना शेवटापासून शिकवलेलं जास्त मानवतं, म्हणजे सगळं आपण करायचं आणि शेवटची पायरी त्याने, मग शेवटच्या दोन त्याने, असं मागे मागे जायचं. यात प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते त्याच्याच हातून, ते समाधान पहिल्या दिवसापासून मिळतं.

मदतीची पण उतरंड असते. सगळ्यात जास्त मदत म्हणजे हात धरून करवून घेणं, त्याखाली करून दाखवणं, मग बोटाने दाखवणं, मग नुसतं नजरेने खुणावणं, आणि मग काहीच नाही. तोंडाने सांगणं आपल्याला सगळ्यात हलकी मदत वाटते, पण ती सोडवायला सगळ्यात चिवट असते, कारण आपलं तोंड थांबत नाही. 'आता पुढे काय? बरोबर, आता झाकण, हां, शाब्बास, आता पुढचा', असं चालू राहिलं की मुलाच्या लेखी आपला आवाजच कामाची एक पायरी होऊन बसतो, आवाज थांबला की हात थांबतात. मी स्वतःचा व्हिडिओ बघितला होता एकदा, वीस मिनिटांत मी गप्प बसलेच नव्हते. तेव्हापासून सूचना शक्यतो चित्रांच्या पट्टीवर, आणि मी हाताची घडी घालून मागे उभी.

बघायचं काय आणि लिहायचं कसं

'लक्ष लागत नाही.' 'काम आवडलं.' 'मूडवर अवलंबून.' असल्या शेऱ्यांनी कपाटं भरलीत, त्यातून पुढच्या माणसाला शून्य मिळतं. त्याऐवजी असं लिहा: पहिली १२ मिनिटं सलग काम, शेजारी ड्रिल सुरू झाल्यावर उठून दाराशी गेला, ड्रिल थांबल्यावर ४ मिनिटांनी स्वतः परत येऊन बसला. या एका ओळीत किती काय आहे बघा, सलग किती वेळ बसतो, कशाने उठतो, परत येतो का, कुणी आणावं लागतं का. पहिल्या शेऱ्यावरून मुलगा नापास, दुसऱ्यावरून जागा बदलायची.

पहिल्या दिवसाचे आकडे मी धरतच नाही. नवी जागा, नवी माणसं, नवा वास, त्या दिवशी फक्त ओळख. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून किती नग झाले, त्यातले किती बरोबर, मदत कितीदा लागली, कुठल्या पायरीवर, हे लिहायला घ्यायचं, आणि एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चढ दिसतोय का ते बघायचं. सोमवारी ६ आणि शुक्रवारी १४ करणारं मूल सोमवारपासून रोज १५ करणाऱ्यापेक्षा कमी आहे असं मुळीच नाही, कामाला हात बसायला वेळ लागतो, आणि कुणाचा किती वेळात बसतो ही पण माहितीच आहे.

जमलं नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदला, हे फार महत्त्वाचं. जागा, टेबल, शेजारी आणि सूचना सगळं एकदम बदललं आणि जमायला लागलं तर कशामुळे जमलं ते कळणारच नाही. आधी जागा बदला, दोन दिवस बघा. मग उभ्याने करून बघा. मग सकाळऐवजी दुपारी.

जी मुलं बोलत नाहीत त्यांची आवड कशी कळणार, हे पालक नेहमी विचारतात. बघून कळते. दोन कामांचं सामान समोर ठेवायचं आणि कुठल्याकडे हात जातो ते बघायचं, मग जागा अदलाबदल करून परत, कारण काही मुलं नेहमी उजवीकडचंच उचलतात. कुठल्या कामाला जाताना पावलं जड होतात, कुठलं सामान आवरायला नको म्हणतात, कुठल्या कामात स्वतःशी गुणगुणतात. दोन-तीन वेळा तेच दिसलं तर ते उत्तरच आहे की, तोंडाने दिलेल्या उत्तराइतकंच खरं, कधी कधी जास्त.

प्रत्येक गरजेप्रमाणे काय बदलायचं याची यादी मी देणार नाही, ती कधी संपत नाही आणि परत आपण लेबलवरच येतो. थोडक्यात सांगायचं तर, ऑटिझम असलेल्या मुलांना आज काय, कधी संपणार आणि नंतर काय, हे आधी दिसायला हवं, आणि आवाज, वास, दिवे यांचा त्रास कामाच्या त्रासापेक्षा मोठा असू शकतो. न ऐकू येणाऱ्या मुलासाठी धोक्याचा भोंगा असून उपयोग नाही, लुकलुकणारा दिवा पाहिजे, आणि सूचना देताना आपलं तोंड मशीनकडे नको, त्याच्याकडे हवं. न दिसणाऱ्या मुलाला कामाच्या आधी खोली शिकवायची, कडा, दारं, टेबलं, आणि एकदा शिकवली की कुणी खुर्ची हलवायची नाही. फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत उंची, उघडी मशीन, गरम तेल याबद्दल डॉक्टरांशी आधी बोलायचं, पण म्हणून सगळीच कामं बाद करायची नाहीत.

डिस्लेक्सियावर मात्र थांबते जरा. 'वाचता येत नाही ना, मग हाताचं काम द्या' हे इतक्या सहज बोललं जातं. वाचायला त्रास होणारा मुलगा हाताने हुशार असतोच असं नाही आणि डोक्याच्या कामाला कमी असतो असं तर नाहीच, त्याला मजकूर ऐकवणारं सॉफ्टवेअर द्या आणि ऑफिसच्या कामाची ट्रायल पण घ्या. हातांची ट्रायल म्हणजे हमालीच्या कामांची ट्रायल नव्हे, कॅमेरा धरणं, आवाज रेकॉर्ड करणं, लॅबमध्ये नमुने लावणं, डेटा भरणं, लहान मुलांना सांभाळणं, हे सगळं हातांनीच होतं.

बाहेर, खऱ्या जागी

वर्कशॉपमध्ये छान चाललं म्हणजे बाहेर चालेलच असं नाही. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं हेच कित्येक मुलांना अवघड जातं, शाळेतल्या सिंकमध्ये भांडी घासणारी मुलगी दुसरा सिंक बघून उभी राहते. त्यामुळे 'आधी पूर्ण तयार करू, मग बाहेर पाठवू' या बेतात मुलं वर्षानुवर्षं तयारच होत राहतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत हा क्रम उलटा करून बघितला गेला, आधी खऱ्या जागी ठेवा, सोबत जॉब कोच द्या, म्हणजे कामाच्या जागी बरोबर राहून शिकवणारा माणूस, आणि शिकवायचं ते तिथेच शिकवा. यालाच सपोर्टेड एम्प्लॉयमेंट म्हणतात.

शाळेच्या मुलांसाठी यातलं बरंच नावाजलेलं उदाहरण म्हणजे प्रोजेक्ट सर्च. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सुरू झालं. तिथल्या इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख बाई वैतागल्या होत्या, सामान भरून ठेवायच्या कामावरची माणसं सारखी सोडून जायची, ते काम किचकट, ठरलेल्या क्रमाचं आणि चुकून चालणार नाही असं. त्यांना वाटलं, आपल्याकडे विकासात्मक अक्षमता असलेली इतकी मुलं पेशंट म्हणून येतात, मग कामावर का नकोत. आज हा प्रकार बऱ्याच देशांत पोचलाय. शाळेचं शेवटचं वर्ष मुलं अख्खी त्या कामाच्या ठिकाणीच काढतात, रोज थोडा वेळ तिथल्याच एका खोलीत वर्ग आणि बाकी वेळ काम, वर्षात साधारण तीन वेगवेगळ्या विभागांत, शिक्षक आणि जॉब कोच तिथेच. लक्षात घ्या, सुरुवात दयेतून झाली नाही, कुणाला तरी रिकाम्या शेल्फचा त्रास होत होता.

म्हणून कामाच्या ठिकाणी बोलायला जाताना ताकाला जाऊन भांडं लपवू नये, आणि हातही जोडू नयेत. सरळ विचारावं, तुमच्याकडे असं कुठलं काम आहे जे सारखं मागे पडतं, कुणाला करायला आवडत नाही, किंवा महागडा माणूस त्यात वेळ घालवतो? स्कॅन करायची फायलींची थप्पी, परत आलेल्या पुस्तकांची गाडी, नमुन्यांच्या बाटल्यांवर लेबलं. असे तुकडे जमवून एक नवं काम उभं करता येतं, जे जाहिरातीत कधीच नव्हतं. त्यासोबत तिथला एक माणूस नक्की करून घ्या ज्याच्याकडे मुलाने अडल्यावर जायचं. एकच. 'कुणालाही विचार' सांगितलं की मूल कुणालाच विचारत नाही.

आणि लंच ब्रेक! कामात चार तास न चुकलेलं मूल ब्रेकच्या अर्ध्या तासात कोसळलेलं मी बघितलंय, कारण कामाला पायऱ्या होत्या, ब्रेकला नाहीत. कुठे बसायचं, कुणाशी बोलायचं, दुसऱ्याच्या डब्यातलं विचारून घ्यायचं का, परत कधी जायचं. नोकरी सुटते ती बऱ्याचदा अशा गोष्टींवरून, येण्या-जाण्यावरून, 'झालं, आता काय करू' हे न विचारता आल्यामुळे. म्हणून ट्रायलमध्ये ब्रेक आणि प्रवास हे पण विषय धरा, त्याचीही चित्रपट्टी करा, त्याच्याही नोंदी ठेवा.

एका बाबतीत मी फार कडक आहे. ट्रायलला शेवटची तारीख हवी, लिहून. एका ठिकाणी आमचा मुलगा तीन आठवड्यांसाठी गेला होता, काम उत्तम करत होता, मग 'अजून थोडं शिकू दे' म्हणत म्हणत पाच महिने झाले, पगाराचं नाव नाही. पालक गप्प, कारण निदान कुठेतरी जातोय. शिकवणं थांबलं आणि तो रोजचं ठरलेलं काम उरकायला लागला की त्याला ट्रायल म्हणत नाहीत, फुकट राबवणं म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं २७ वं कलम कामाबद्दलच आहे, बाकीच्यांसारखंच काम निवडायचा आणि त्यावर पोट भरायचा हक्क, समान कामाला समान मोबदला, आणि कामाच्या जागी योग्य ते बदल करून मिळणं. ज्या देशांनी नुसती सही न करता कराराला रीतसर मंजुरी दिलीय त्यांच्यावर ते बंधन आहे. मुलाला पगार देणारं काम शाळेच्या वर्षांतच मिळालं तर सगळ्यात उत्तम, शाळेत असताना पगारी काम केलेल्या मुलांना नंतर नोकरी लागायची शक्यता जास्त दिसते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलंय.

आणखी एक, मुलींची ट्रायल बघा कधी. स्वयंपाक, शिवण, सफाई, पार्लर. झालं. लाकडाच्या वर्कशॉपमध्ये मुलगी न्यायला मला मुख्याध्यापकांपेक्षा तिच्या आजीशी जास्त वाद घालावा लागला होता.

शेवटी एक मीटिंग होते, पालक, शिक्षक, जॉब कोच, कधी कामाच्या ठिकाणचं कुणीतरी. यात मूल कोपऱ्यात बसून आपल्याबद्दलचं बोलणं ऐकत असतं, ते मला बघवत नाही, म्हणून आम्ही सुरुवात त्याच्यापासूनच करतो. त्याने केलेल्या प्रत्येक कामाचे फोटो, त्याचेच, काम करतानाचे, टेबलावर पसरायचे आणि तीन डबे ठेवायचे. आवडलं, नाही आवडलं, आणि अजून एकदा करून बघायचंय. फोटो तो टाकतो, सगळ्यांसमोर, आणि तोवर मोठ्यांनी गप्प बसायचं, आईनेसुद्धा, हे आधी सांगून ठेवलेलं असतं. मग नोंदवही उघडायची आणि डब्यांशी ताडून बघायची, कधी कधी जुळत नाही, जिथे सगळ्यात जास्त नग केले तोच फोटो 'नाही आवडलं'मध्ये पडतो, मग त्यावर बोलायचं, काम नको होतं की तिथला आवाज, की तिथला कुणी. तिसऱ्या डब्यात जे पडतं त्यावरून पुढच्या सत्राचं वेळापत्रक बनतं, आणि एक कोरा कार्डबोर्डचा तुकडाही ठेवतो आम्ही, फोटो नसलेलं काही सुचलं तर. मागच्या वेळी एका मुलाने तो तुकडा तिसऱ्या डब्यात टाकला आणि खिडकीबाहेर शिडीवर चढून दिव्याचा खांब दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. मी शिडीवाल्याचा फोन नंबर घेतलाय.